डांगे चौकातला फ्लेक्स

आपण मेलो आहोत ही बातमी दादासाहेबांना फुकेतच्या समुद्रकिनाऱ्यावर, भर दुपारी, तळलेली कोळंबी तोंडात असताना कळली.

तोपर्यंत दिवस झकास चालला होता. टूरवाल्यांनी पहिले तीन दिवस नुसतं पळवलं होतं. बोट, बेट, देऊळ, पुन्हा बोट. चौथा दिवस मात्र मोकळा होता. ऊन लख्ख, वारा बेताचा आणि कुठेही जायचं नाही. थेरगावात ज्यांना कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांशिवाय कुणी पाहिलं नव्हतं ते दादासाहेब सकाळपासून गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि पोपटांचा शर्ट घालून छत्रीखाली आडवे पडले होते. एका बाईकडून पाय चेपून घेतले, दोन शहाळी प्यायली, मग तासभर चक्क घोरले. सुमनताई, त्यांची बायको, पंजाबी ड्रेस वर धरून दोनदा पाण्यात पाय बुडवून आल्या आणि दोन्ही वेळा हसत आल्या. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला त्यांनी असं निवांत पाहिलं नव्हतं.

सहल मुलानं घडवली होती. प्रज्वल जर्मनीत नोकरीला, त्यानंच लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तिकिटं काढून पाठवली. दादासाहेब निघाले तशी मित्रमंडळींनी डांगे चौकात फ्लेक्स लावला. ‘परदेश दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा’, मधे फेटा बांधलेले दादासाहेब आणि खाली बावीस शुभेच्छुकांची टिकलीएवढी तोंडं. आमच्याकडे माणूस गाडी घेवो, पन्नाशी गाठो नाहीतर मरो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ते घडलं असं कुणी धरतच नाही. दादासाहेबांनी विमानतळावर जाताना गाडी मुद्दाम चौकातून घ्यायला लावली होती.

सगळं छान चाललेलं असताना एकच गोष्ट खुपत होती, तीही सुमनताईंना. सकाळी नाश्त्याला बसल्यावर त्यांचा फोन वाजला. अपेक्षाचा होता. अपेक्षा म्हणजे दादासाहेबांच्या धाकट्या भावाची, भैरूची मुलगी.

“नको उचलू,” दादासाहेब पपईची फोड तोंडात टाकत म्हणाले.

“अहो, एवढ्या सकाळी केलाय. काहीतरी असंल.”

“काय असंल? म्हशीचा गोठा न्हाईतर रस्ता. चार वर्सं तेच ऐकतोय. सुट्टीत तो विषय नको.”

फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सुमनताईंचं बोट स्क्रीनवर गेलंसुद्धा होतं, पण नवऱ्यानं नुसतं पाहिलं आणि त्यांनी फोन पालथा घातला. मग एक मेसेज आला, ‘काकू, फोन घ्या ना.’ एवढाच. सुमनताईंनी तो दाखवला. दादासाहेब म्हणाले, घरी गेल्यावर बघू.

भांडण जुनंच होतं. वडिलांच्या मागे जमिनीचे दोन भाग झाले. दादासाहेबांनी आपला भाग बिल्डरला दिला आणि तिथे बारा मजली इमारत उभी राहिली. भैरूनं आपल्या भागावर म्हशी ठेवल्या. इमारतीचा रस्ता नेमका त्याच्या गोठ्यावरून जायचा होता, आणि भैरू गोठा हलवायला तयार नव्हता. मोठ्या भावाला नाही म्हणणारा हा पहिलाच माणूस, आणि तोही घरातला. चार वर्षांपूर्वी देवळाच्या सभामंडपात, पन्नास माणसांसमोर दादासाहेबांनी त्याला सुनावलं होतं, “आजपासनं तू मला मेलास. तुझ्या मातीलाबी मी यायचा न्हाई.” रागात माणूस काहीही बोलतो, पण दादासाहेब बोललेलं मागे घेत नसत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. भैरूचा नंबर त्यांनी ब्लॉक केला. गावातही त्यांच्यापुढे भैरूचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती.

तर, दुपारचं जेवण. वाळूतच टेबलं मांडलेली होती. दादासाहेबांनी कोळंबी मागवली, अख्खा तळलेला मासा मागवला आणि अननसात भरून आणलेला भात मागवला. सुमनताईंनी बॅगेतून ठेचा काढला. त्या ठेच्याबरोबर मासा असा काही लागला की दादासाहेब म्हणाले, “हितंच एक हाटेल टाकू.” आणि तेवढ्यात त्यांच्या फोनवर शेखरचा फोटो आला.

शेखर हा त्यांचा खास माणूस. सकाळी लवकर तळेगावला कामाला गेला होता, तो परत येत होता. चालत्या गाडीतून काढलेला फोटो, जरा हललेला. डांगे चौक, रिक्षा, केळीवाला, आणि वर फ्लेक्स. फ्लेक्सवर फेटा बांधलेले दादासाहेब, पण काळेपांढरे. भोवती फुलांचा हार छापलेला आणि डोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली नाव असतं तिथे नेमकी बस आडवी आली होती. शेखरनं लिहिलं होतं, ‘दादा हे काय??’

दादासाहेबांच्या हातातली कोळंबी वाळूत पडली. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. आपलंच तोंड. आपल्याच मिशा. एखाद्यानं कानफटात द्यावी तसं झालं, आणि मारणारा समोर दिसत नव्हता.

“मी मेलोय,” ते बायकोला म्हणाले आणि फोन पुढे केला.

सुमनताईंनी पाहिलं आणि आधी गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावला. मग त्या नवऱ्याच्या दंडाला हात लावून बसल्या.

पुढची वीस मिनिटं फोन नुसता तापला. एक जण रडतच बोलायला लागला, “वहिनी, कसं झालं हो?” आणि पलीकडून दादासाहेबांचाच आवाज आल्यावर त्यानं घाबरून फोन कापला. कासारवाडीच्या एकानं विचारलं, बॉडी कधी येणार. दादासाहेब प्रत्येकाला ओरडून सांगत होते, “जित्ता हाय मी. जेवतोय हितं. कोण म्हणलं मेलो?” शेजारच्या टेबलावरची गोरी माणसं वळून पाहायला लागली. धक्का ओसरला तसा संताप चढत गेला. आपल्या जिवावर कोण उठलंय? विरोधी गटातलं कुणी? की भैरू? हा विचार आला मात्र, आणि त्यांना तो एकदम पटला. सकाळी तीन-तीन फोन उगाच नव्हते.

“ह्यो भैरूचा उद्योग हाय,” ते म्हणाले.

“काहीतरीच काय बोलता. भावजी असं करतील का?”

“न करायला काय झालं?”

त्यांनी शेखरला फोन लावला. “चौकात परत जा. अख्ख्या फ्लेक्सचा फोटो पाठीव. खाली कुणाकुणाची नावं हायेत ते मला बघायचंय.” शेखर बरं म्हणाला. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. शेखरनं फोटो पाठवला नाही आणि फोनही उचलेना. ज्यानं आजवर दादांचा फोन दुसऱ्या रिंगला उचलला नाही असं झालं नव्हतं, तो.

मग दादासाहेबांनी फ्लेक्सवाल्यालाच गाठलं. समर्थ नाव त्याचं. संत तुकाराम नगरला त्याचं दुकान, आणि अर्ध्या शहराचे वाढदिवस आणि दशक्रिया त्याच्याच मशिनमधून निघायच्या.

“समर्थ, मी दादासाहेब बोलतोय. मेलेला.”

“दादा, पाया पडतो. आत्ताच कळलं. माणसं पाठवलीत उतरवायला,” समर्थ घाईघाईनं बोलत सुटला. “सकाळी मरणाची घाई केली हो सगळ्यांनी. त्यांनी फोटो पाठवलाता, पर मी आडनाव टाकलं आन् कॉम्प्युटरवर परवाचा तुमचा आला. चेहरा तर दोघांचा एकच. मला वाटलं हाच. फोटो चुकला दादा. नाव बरोबर हाय.”

“कुणाचं नाव?”

पलीकडे घरघरणारं मशिन कुणीतरी बंद केलं.

“नाव कुणाचं हाय, समर्थ?”

“भैरूअण्णांचं,” तो म्हणाला. मग अगदी हळू आवाजात, “पहाटं धार काढताना छातीत कळ आली म्हणत्यात. दवाखान्यापत्तोर पोचलेच न्हाईत. दादा, तुमाला म्हाईत न्हाई व्हय?”

फोन दादासाहेबांनी टेबलावर ठेवला, माशाच्या ताटाशेजारी. समोर समुद्र होता तसाच होता, पोरं पाण्यात चेंडू खेळत होती, आणि त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. पाऊण तास आपण जगाला मी जिवंत आहे, मी जिवंत आहे म्हणून ओरडून सांगत होतो, आणि तिकडे भैरू अंगणात पडला होता. सख्खा भाऊ. पाठोपाठचा. विहिरीत पोहायला त्यांनीच शिकवलेला.

सुमनताईंना सांगावं लागलं नाही. समर्थचा आवाज त्यांच्यापर्यंत येत होता. त्या उठल्या, बाजूला जाऊन बाटलीतल्या पाण्यानं त्यांनी चुळा भरल्या, एक, दोन, तीन, आणि परत येऊन उभ्याच राहिल्या.

“सकाळपासनं सुतक आहे आपल्याला,” त्या म्हणाल्या. “घरात मयत, आणि आपण इथं मासे खातोय.”

“मला काय ठावं?”

“तुम्हाला ठावं नव्हतं. मी उचलणार होते.”

एवढंच म्हणाल्या. पंचवीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला याहून कठोर काही ऐकवलं नव्हतं आणि दादासाहेबांना ते पुरेसं लागलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. कोळंबीचा वास हाताला येत होता, तो टिशूनं पुसून जाईना.

अपेक्षाला फोन सुमनताईंनीच लावला, आणि ती “काकू” म्हणताच त्यांच्या हातून तो दादासाहेबांनी घेतला.

“अपेक्षा. काका बोलतोय.”

पलीकडे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. अपेक्षा रडत नव्हती. तेवीस वर्षांची पोर, चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाणारी. तिचा आवाज रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखा सपाट होता.

“बोला.”

“पोरी, मला कुणी सांगितलं न्हाई गं. मी निघतो. मिळंल त्या इमानानं निघतो. उद्या सकाळपत्तोर थांबा. मी आल्याबिगर उचलू नका.”

“नाही काका. इथं साडेअकरा होत आलेत. बाराला निघायचं ठरलंय.”

“माझ्यासाठी थांबवा. मी थोरला हाय त्याचा.”

“मी म्हणाले होते थांबू या,” अपेक्षा म्हणाली. “म्हणून तर सकाळी तीनदा लावला. तुम्ही उचलला नाही. मग भावकीतले सगळे म्हणाले, दादासाहेबांनी चारचौघांत सांगितलंय मातीला येणार नाही म्हणून. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. उगाच कशाला ताटकळत ठेवायचं. आता सगळी माणसं जमलीत काका, आता नाही थांबता येणार.”

त्यांच्या शब्दाला गावात किंमत होती. ती किती होती ते आत्ता, पोपटांचा शर्ट घालून वाळूत बसलेलं असताना कळलं. इतका वेळ अडवलेलं रडू आता नाकातोंडातून यायला लागलं.

“तोंड तरी दाखव मला त्याचं,” ते कसंबसं म्हणाले. “एकदा बघू दे.”

अपेक्षानं व्हिडिओ लावला. आधी तिचा चेहरा आला, सुजलेला. तिनं स्क्रीनकडे पाहिलं आणि नजर वळवली.

“दाखवते. तुमचा कॅमेरा तेवढा बंद करा,” ती म्हणाली. “मागचं सगळं दिसतंय. इथं माणसं आहेत.”

दादासाहेबांनी मागे वळून पाहिलं. निळं पाणी, रंगीत छत्र्या, अर्ध्या कपड्यांतली माणसं. त्यांनी घाईघाईनं स्क्रीनवर बोट मारलं. पाण्यानं डोळ्यांना दिसत नव्हतं. एकदा मारलं, बंद झालं नाही म्हणून शेजारी मारलं, मग पुन्हा मारलं. त्यांचं चित्र गेलं.

मग अंगण आलं. बांबू, गवत, हारांचे ढीग, आणि भैरू. नाकात कापूस, कपाळावर गुलाल. चार वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते, सगळेच्या सगळे. थोरल्या भावाचे अजून काळे होते.

“भैरू,” दादासाहेब म्हणाले. चार वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडात आलं आणि मग थांबेना. “भैरू, माजं चुकलं रं. गोठा हाय तिथं राहू दे. रस्ता नको मला. मी बोललो ते खोटं हाय भैरू, सगळं खोटं हाय. मी येणार हुतो. मला माफ कर रं.” सुमनताईंनी तोंडाला ओढणी लावली होती. आजूबाजूची माणसं खाणं सोडून त्या रडणाऱ्या माणसाकडे पाहत होती.

पलीकडे चित्र तसंच स्थिर होतं. कुणीतरी म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, “दादा हाय का फोनवर? काय म्हणला?”

“काहीच नाही,” अपेक्षा म्हणाली. “गप्पच आहेत.”

“बरं. ठिव मग. येळ झाली.”

चित्र हललं आणि गेलं. दादासाहेब कट झालेल्या फोनपुढे “अपेक्षा, अगं ऐक” म्हणत राहिले. सुमनताईंनी फोन त्यांच्या हातून काढून घेऊन परत लावला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तेव्हा कुठे त्यांना आठवलं की मघाशी स्क्रीनवर माइकच्या खुणेवर तांबडी रेघ होती.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुमचा आवाजपण बंद झाला होता.”