अंगठ्याएवढा पेला

"अरे येड्या, दुपारपर्यंत अंगातून निघूनही गेलं असतं ते!" कोर्टाच्या बाकावर शेजारी बसलेला लायल कुजबुजला. "स्वतःहून फोन करून कशाला सांगायचं?"

आर्विड नुसता हसला. साठीचा नळकारागीर, पिऊन गाडी चालवताना तीनदा सापडलेला. तुरुंगाऐवजी न्यायाधीशबाईंच्या देखरेखीखाली त्याचे उपचार चालू होते. पंधरवड्याला हजेरी, बोलावतील तेव्हा तपासणी आणि जिल्ह्याबाहेर पाऊल नाही. आज गुरुवारी दारूविना कोरडे नव्वद दिवस भरले असते, तर ती बंदी उठली असती. येत्या रविवारी जिल्ह्याबाहेर, फार्गोला लेकीकडे नातीचा बाप्तिस्मा होता.

आणि गेल्या रविवारी चर्चमध्ये घोळ झाला. प्रभुभोजनाच्या विधीत तबकातल्या कडेच्या इवल्या पेल्यांत वाइन असते, मधल्यांत न पिणाऱ्यांसाठी साधा द्राक्षांचा रस. तबक लावणाऱ्या नव्या बाईंनी नेमकं उलटं मांडलं. देवाचं गाणं गळ्यात असताना माणसानं तबकाकडे बघावं की आत? डोळे मिटून आर्विडनं मधला पेला उचलला. घशाखाली उतरताच जुनी ओळख पटली.

"आर्विड!" न्यायाधीशबाईंनी पुकारलं. "कोर्टाला फोन चर्चच्या पायरीवरूनच केलात?"

"हो बाई. घरी पोचेपर्यंत मत बदललं असतं."

सगळे हसले. बाईही हसल्या. "चूक मांडणारीची. मी नव्वद धरायला तयार आहे."

आर्विडनं मागे बसलेल्या बायकोकडे, मार्लिसकडे पाहिलं. नातीसाठी विणलेली शाल तिनं केव्हाच बॅगेत भरली होती.

"नको बाई," तो म्हणाला. "पहिला चुकून घेतला. पण लगेच दुसरा हवासा वाटला. ते काही मांडणाऱ्या बाईंनी केलं नाही."

लायलनं कपाळावर हात मारला.

बाईंनी कागदावर काट मारली. "मग मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बंदी कायम." मग त्यांनी मार्लिसकडे पाहिलं. "रविवारी मात्र एक दिवसाची परवानगी. गाडी मार्लिस चालवतील."

"मीच चालवते हो बाई!" मार्लिस मागून म्हणाली. "हा शेजारी बसून नुसते ब्रेक दाबतो."

हशा ओसरला. आपले कोरडे दिवस आपणच ध्वनिक्षेपकावर सांगायचे, ही इथली रीत. आधी पुकारलेल्या एका बाईनं दोनशे सांगून टाळ्या घेतल्या होत्या. आर्विडनं कोटाचं बटण लावलं, ध्वनिक्षेपक बाजूला सारला आणि चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाला,

"चार."