आकाशाचा खोकला

मित्रांनो, तो सोमवार इतर सोमवारांसारखाच होता. बमरोलीत यंत्रमाग धडधडत होते आणि मी, सुवर्णाचा जुना लॅपटॉप, रोजच्यासारखा तापलो होतो.

सुवर्णा खगोलशास्त्र शिकते. अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेली क्ष-किरणांची चित्रं ती माझ्यावर उघडते. फार दूरच्या दीर्घिकांच्या समूहांत अंधूक ठिपके दिसतात. त्यातले काही निव्वळ भास असतात. साध्या प्रकाशातल्या चित्रात त्याच जागी एखादी दीर्घिका आहे का, ते आम्ही शोधतो. असली, आणि तिच्या पोटातलं कृष्णविवर वायू गिळत तळपत असलं, तर ती सक्रिय दीर्घिका. या कामाची मला मोठी घमेंड होती.

दुपारी सुवर्णाची माझ्यावर ऑनलाइन मिटिंग चालू असताना तिची आई जवळ आली. उषाबाई घरी बसून साड्यांचे धागे कापायच्या आणि सारख्या खोकायच्या. त्यांनी पाकिटातून स्वतःच्या छातीचा एक्स-रे काढला आणि थेट माझ्या उजळ पडद्यावर धरला.

"डॉक्टर काय बोलना ते माले समजनं नही. तू एक्स-रेनंच काम करस ना? देख ना वं."

"आई, स्क्रीनला ओरखडे पडतील! माझे एक्स-रे आकाशातले असतात."

"आकाशले बी खोकला व्हयना का?" उषाबाई हसल्या.

"हळू बोल. आणि अहिराणी नको ना, मिटिंगमधली माणसं ऐकताहेत."

सुवर्णाने ती फिल्म बाजूला सारली. पण माझा उजेड त्या बरगड्यांतून आरपार गेला होता. उजवीकडे खालचा भाग सगळा पांढरा होता. अंधूक ठिपके दाखवून मिरवणारा मी, एवढा मोठा डाग अंगावर असताना नुसताच चकाकत राहिलो.

त्याच आठवड्यात उषाबाईंना रिक्षातून दवाखान्यात नेलं. छातीत पाणी भरलं होतं. त्या परत आल्या नाहीत.

मित्रांनो, माझी बिजागरी मोडली आहे, बॅटरी टिकत नाही. त्याची तक्रार नाही. पण कुणी आपलं माणूस 'बघ ना' म्हणालं, तर हातातलं काम ठेवा आणि बघा. समजलं नाही तरी बघा.

परवा सुवर्णाचा एक ठिपका खरा ठरला. मिटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. कुणीतरी विचारलं, "घरी सांगितलंस का?"

तिने माइक चालू केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"माय, माले तुनी लाज वाटे. म्हणीसन मी देखंच नही."