अधिकचं चिन्ह

मदिहा शिकलगार राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या एका कंपनीत वेबसाइट बनवायची. २००७ साली तिनं एकटीनं केलेलं पहिलं काम म्हणजे रक्तदात्यांच्या एका संस्थेचा फॉर्म. संस्थेचे सचिव जोतीराम चौगुले एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. दात्यांची नावं ते वीस वर्षं वहीत लिहीत आले होते. आता लोकांनी नाव, गाव, फोन आणि रक्तगट नेटवरून पाठवायचा होता.

रक्तगटाची चौकट मदिहानं मोकळी ठेवली होती, ज्याला जे माहीत असेल ते त्यानं लिहावं म्हणून. बटण दाबलं की पान पुन्हा न उघडता माहिती सर्व्हरवरच्या छोट्या प्रोग्रामकडे, म्हणजे स्क्रिप्टकडे, जायची आणि खाली ‘धन्यवाद’ उमटायचं. ही रीत तेव्हा नवी होती. मराठी अक्षरांचा चुथडा होईल अशी तिला धास्ती होती, म्हणून तिनं स्वतःचं नाव घालून पाहिलं. नाव, गाव नीट आलं. रक्तगटाकडे तिनं पाहिलंच नाही.

महिन्याभरानं जोतीरामकाका छापील यादी घेऊन आले.

“पोरी, ह्यात उणंवाले हायत, पण अधिक कुणापुढंच न्हाय. बाकी सगळे नुसतेच ओ, नुसतेच बी. असं कसं?”

मदिहानं यादी हातात घेतली. दोनशे बारा नावं, आणि दोनशे एक जणांपुढं कुठलंच चिन्ह नव्हतं.

कारण सापडायला तासभर लागला. ब्राउझरकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या मजकुरात अधिकच्या चिन्हाचा अर्थ मोकळी जागा असा होतो; उण्याला असा वेगळा अर्थ नसतो. साध्या फॉर्ममध्ये ब्राउझर स्वतःच ते चिन्ह बदलून पाठवतो. तिच्या नव्या रीतीत ते काम तिनं करायचं होतं, आणि प्रोग्राममधली तीच ओळ लिहायची राहिली होती. ‘B+’ लिहिलेलं ‘B’ आणि मोकळी जागा होऊन पोचायचं, मग तिची स्क्रिप्ट शेवटची मोकळी जागाही छाटून टाकायची.

तिनं ओळ घातली, पुन्हा स्वतःची माहिती पाठवली. ‘O+’ आलं. पण जुन्या नोंदींचं काय?

“एवढं काय त्यात?” तिचे साहेब बुद्धभूषण कांबळे म्हणाले. “शंभरात पंचाण्णव लोक पॉझिटिव्हच असतात. रिकाम्या सगळ्यांपुढं अधिक लावून टाक. दोन मिनिटांचं काम.”

“सर, पण काहींनी मुळातच नुसतं ‘B’ लिहिलं असेल. ते कुठले, हे आता कळत नाही.”

बुद्धभूषणनी जोतीरामकाकांकडे पाहिलं.

“रक्तपेढी तपासल्याबिगर बाटली देत न्हाय,” काका म्हणाले, “तवा कुणाच्या जिवाला धोका न्हाय. पण ज्याचं उणं हाय, त्याच्यापुढं आपण अधिक लावलं, तर नड पडल्यावर त्याला बोलावणारच न्हाय की.”

बुद्धभूषणनी टेबलावरचा फोन मदिहाकडे सरकवला. “कर फोन. कंपनीच्याच फोनवरून कर.”

नऊ दिवस ती दुपारी फोन करत राहिली. आधी माफी मागायची, मग रक्तगटाच्या कार्डावर काय आहे ते वाचायला सांगायचं. बहुतेकांनी कार्ड काढून ‘पॉझिटिव्ह’ सांगितलं. काही नंबर बंद होते, त्यांच्यापुढं तिनं ‘माहीत नाही’ लिहिलं.

शिरोळचा ट्रॅक्टरचालक आकाराम माने मात्र भडकला. “बी हाय म्हणून लिवलं न्हवं! त्यात आनि काय असतंय?”

“अधिक की उणे, दादा?”

“ते मला ठावं न्हाय. नेट कॅफेवाल्यानं इचारलं बी न्हाय.”

“मग एकदा तपासून घ्या. मी आठवड्यानं परत फोन करते.”

“तुमाला दुसरा उद्योग न्हाय व्हय?” म्हणत त्यानं फोन ठेवला. चार दिवसांनी त्याचाच फोन आला. आवाज उतरलेला होता. “ताई, निगेटिव्ह निघालंय. म्हंजे काय आजार हाय का?”

“आजार नाही हो! असं रक्त थोड्यांकडं असतं, एवढंच.”

दिवाळीनंतर एका बाळंतिणीला बी निगेटिव्ह हवं होतं. काकांनी यादी उघडली, आणि आकाराम शिरोळहून एस.टी.नं आला. काकांनी कळवलं म्हणून जेवणाच्या सुट्टीत मदिहा रक्तपेढीत गेली, तेव्हा तो खाटेवर आडवा पडून हातातला चेंडू दाबत होता.

“तुमीच व्हय त्या फोनवाल्या? तवा लई बोललो. मनात धरू नगा.”

“चूक माझी होती, दादा. खरं म्हणजे तुमचं लिहिलेलं बरोबरच पोचलं होतं. बाकीच्यांचं चुकलं, म्हणून तुम्हाला फोन केला.”

“मग त्यांचं चुकलं ते झ्याक झालं म्हना की!” असं म्हणून तो इतक्या मोठ्यानं हसला, की नर्सनं हात हलवू नका म्हणून दटावलं.

चहा-बिस्किटं झाल्यावर तो पायात चपला सरकवत म्हणाला, “माझ्या लेकीचं बी असंच असंल का वो?”

“असेलच असं नाही. तपासून घ्या.”

“घेतो,” तो म्हणाला, आणि उसाचा ट्रॅक्टर खोळंबलाय म्हणत स्टँडकडे निघून गेला.