एकशे तीस माणसं

आयरिस मावशींनी टेगनच्या हातातला कागद ओढून घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडे वाचले.

"पाच वर्षांत आपण चारशे वीसचे सहाशे दहा झालो? आपल्या पोरी काय तिळी जन्माला घालतात?"

सभागृहात हशा पिकला. लोकसंख्येचे अंदाज बांधणारी टेगन हसली नाही. पंधरा वर्षांनी या नदीकाठच्या गावात मूलनिवासी किती असतील, याचा अंदाज तिला चार वाजेपर्यंत द्यायचा होता. त्यावरून दवाखान्यात डायलिसिसची यंत्रं तीन येणार की सहा, हे ठरणार होतं. सध्या एकही नव्हतं. मावशी डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा दोनशे ऐंशी किलोमीटर जात, तितकेच परत येत.

"जन्म-मृत्यूंचा हिशेब धरला तर साठच वाढतात," टेगन म्हणाली. "बाकीचे एकशे तीस इथलेच आहेत. त्यांनी जनगणनेत या वेळी पहिल्यांदाच 'मूलनिवासी' असं लिहिलंय."

"उपटसुंभ!" मावशी कडाडल्या. "मूलनिवासी म्हणून आमची पोरं सरकारी गाडीतून पळवून नेली, तेव्हा कुठे होते हे?"

जिल्हा कचेरीतले ग्रेगसन खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा आवाज मऊ होता.

"मी तेच म्हणतोय. आज लिहितील, उद्या पुसतील. लोकांच्या मनाचा अंदाज कोण बांधणार? फक्त जन्म धरू या. तीन यंत्रं." त्यांनी उठून आपला आकडा फळ्यावर लिहिला.

त्या लोकांना उपटसुंभ म्हणून आपणच ग्रेगसनच्या हाती कोलीत दिलं, हे मावशींच्या लक्षात आलं. टेगनला ग्रेगसनचं गणित चूक म्हणता येत नव्हतं. आपलं बरोबर असल्याचा पुरावाही तिच्याकडे नव्हता.

मागच्या रांगेतून एक उंच म्हातारा उठला. क्लेम हार्डी. चाळीस वर्षं रेल्वेत रुळांची देखभाल करणारा गँगमन. त्याची आजी इटालियन, असं सगळं गाव मानून चाललं होतं.

"मी त्या एकशे तिसातला," तो म्हणाला.

"तू?" मावशी गर्रकन वळल्या. "कोणाचा रे तू?"

"एडनाचा. ती गाडी आली की आई आम्हाला पलंगाखाली ढकलायची. कोणी विचारलं तर आपण इटालियन असं सांगायचं, म्हणायची. ती गेली, तरी मी तेच सांगत राहिलो."

"कुठली एडना?"

"इथल्या नदीच्या वळणावर जन्मलेली. आम्हाला तिने लांब वाढवलं, मी रेल्वेत लागल्यावर इकडे आलो. डाव्या हाताला सहा बोटं होती."

मावशींचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला.

"माझे वडील मरेपर्यंत तिला शोधत होते," त्या म्हणाल्या. "त्यांची धाकटी बहीण ती." आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून त्यांनी मांडीवर घेतली. "उभा काय राहिलायस? ये."

क्लेम येऊन बसला. टेगनने घसा खाकरला.

"क्लेमकाका, घरी आणखी कोण कोण आहे?"

"तीन मुलं. सात नातवंडं."

"त्यांनीही लिहिलंय?"

"नाही." तो बुटांकडे बघत राहिला. "त्यांना ठाऊकच नाही."

एका क्लेममागे न लिहिलेले दहा जण होते. टेगनने फळ्यावरचा ग्रेगसनचा आकडा पुसला, स्वतःचा मोठा आकडा लिहिला आणि अहवालावर सही केली.

"वरचे विचारतील, आधार काय," ग्रेगसन म्हणाले. आवाजात आता तो मऊपणा नव्हता.

"मला विचारू द्या. उत्तर मी देईन."

मावशींनी क्लेमला कोपराने ढोसलं. त्याने खिशातून फोन काढला, दोनदा चुकीचं नाव दाबलं, मग बरोबर. शांततेत पलीकडची घंटी सगळ्यांना ऐकू येत होती.

"बाबा? या वेळी कसा फोन? बरे आहात ना?"

क्लेमने मावशींकडे पाहिलं.

"बरा आहे गं," तो म्हणाला. "जरा बस. तुझ्या आजीबद्दल सांगायचंय."