लोणच्याची बरणी आणि बावड्याची माती

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, मला हात लावण्याआधी माझी हकीकत ऐका. नंतर लावावासा वाटला तर लावा.

नवी होते तेव्हा मी पाण्यासारखी नितळ होते. कोल्हापुरात कालिंदीबाईंनी मला उन्हात तापवलं, हिंगाची धुरी दिली आणि माझ्यात लिंबाचं लोणचं भरलं. ओला चमचासुद्धा माझ्यात कधी गेला नाही. पाहुणे आले की त्या मला उजेडात धरून दाखवत. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

पुढे त्यांची मुलगी श्यामला बी.एस्सी. झाली आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागली. मेलेल्या प्राण्यावर कोणत्या माश्या कधी येतात, याचा ती अभ्यास करी. १९५४ च्या थंडीत तिने मला पिशवीतून कॉलेजात नेलं, तळाशी माती पसरली आणि वर ख्वाजाभाई खाटकाकडचं बकऱ्याचं काळीज ठेवलं.

पुढचं सांगताना मला शिसारी येते. काळीज हिरवट पडलं, फुगलं आणि त्याचं पाणी सुटून माझ्या अंगावरून ओघळलं. माश्यांच्या अंड्यांतून अळ्या निघाल्या. पांढऱ्या, बुळबुळीत. काचेला चिकटून त्या वर चढत आणि घसरून त्याच घाणीत पडत. श्यामला नाकाला पदर लावून, पण रोज, भिंगातून पाही. पोट भरल्यावर अळ्या मातीत शिरल्या आणि तांबूस कोश करून पडून राहिल्या. पंधरवडा उलटल्यावर कोशांची टोकं उघडून हिरव्या माश्या बाहेर आल्या. मातीत उरली पोकळ टरफलं.

कालिंदीबाईंना हे कळलंच. "ती बरणी पुन्हा घरात आली, तर तूही अंगणातच जेव," त्या लेकीला म्हणाल्या. माझं घर तुटलं ते तेव्हापासून.

त्याच सुमारास कसबा बावड्याच्या उसात एक प्रेत सापडलं. पोलिसांनी आकारामला धरलं. तो आठवड्यापूर्वीच गुऱ्हाळावर कामाला आलेला मजूर, आणि त्याच्या पायात मेलेल्या माणसाच्या वहाणा होत्या. प्रेतावरच्या अळ्या लहान, म्हणजे माणूस मरून चार दिवसच झाले असणार, असं ठरलं. श्यामलाच्या अभ्यासाची माहिती असल्याने हवालदार गुंडू त्या अळ्या डब्यातून तिच्याकडे घेऊन आला. मागोमाग आकारामची बायको बयाबाई येऊन दारात बसली.

"हवालदार, या इतक्या स्वच्छ कशा?" श्यामलाने विचारलं.

"हिरीवर धुतल्यात की बाई. तुमच्यासारख्यांच्या म्होरं तसली घाण कशी आणायची?"

"आणि खालची माती?"

"ती कशाला? वास काय मारतोय तिला. मी दोनदा ओकलोय."

बयाबाई म्हणाली, "वहाणा बांधावर गावल्या त्येला, बाई. दुसऱ्याचं पायात घालू नगंस म्हणून मी बोंबलले व्हतेच की."

"गावल्याच म्हणत्यात सगळी," गुंडू म्हणाला. "फासावर जाताना बी म्हणत्यात."

श्यामलाने मला घासलं, उचललं आणि ती त्या दोघांसह बावड्याला निघाली.

काळजाहून वाईट काही माझ्या वाट्याला येणार नाही, असं मला वाटलं होतं. प्रेत हलवलं होतं, पण ते जिथे पडलं होतं तिथली माती काळी, तेलकट, लिबलिबीत झाली होती. तिच्यात केस होते, किडे होते. श्यामलाने ती हातांनी खरवडून माझ्या गळ्यापर्यंत भरली. लांबच्या एका जागेची कोरडी मातीही तिने ताडून पाहायला फडक्यात बांधून घेतली.

"बाई, आता जेवण जाणार का तुमाला?" गुंडूने बांधावरूनच विचारलं.

"आज नाही जाणार," ती म्हणाली आणि खरवडत राहिली.

कॉलेजात तिने ती माती चाळली. चाळणीत पोकळ तांबूस टरफलं उरली, माझ्या तळाशी सापडली होती तशीच. लांबच्या मातीत एकही नव्हतं. म्हणजे या प्रेतावर वाढलेल्या पहिल्या माश्या केव्हाच उडून गेल्या होत्या. लहान अळ्या मागाहून आलेल्या माश्यांच्या होत्या. माणूस मरून निदान पंधरवडा झाला होता आणि तेव्हा आकाराम राधानगरीकडे आपल्या गावी होता. पोलिसांनी गावात चौकशी केली, शेजाऱ्यांनी साक्ष दिली आणि आकाराम सुटला.

काही दिवसांनी बयाबाई काकवी घेऊन कॉलेजात आली. श्यामलाने मला उकळत्या पाण्याने धुऊन पुढे केलं. मी पुन्हा नितळ दिसत होते. काकवीच्या गोड वासाने मला किती आशा वाटली, काय सांगू.

बयाबाईने हात मागे घेतला. "ह्यात नगं बाई. तुमचं उपकार जल्मभर इसरणार न्हाई, पर ह्यात नगं."

तिचं काय चुकलं? माझी मलाच किळस येते. श्यामलाने काकवी पितळी डब्यात घेतली आणि माझ्या तळाशी पुन्हा माती पसरली.

मित्रांनो, माझ्यात लोणचं भरा, असा हट्ट मी आता धरत नाही. काम झाल्यावर मला घासून उन्हात ठेवा, एवढं पुरे. आणि घाण उचलायची वेळ आली तर नाक खुशाल दाबा. पण ती धुऊन टाकण्याआधी एकदा नीट पाहा. गुंडूने अळ्या धुतल्या ते पाणी विहिरीवरच वाहून गेलं. माती तिथे राहिली, म्हणून आकाराम घरी गेला.