शेंदराखालची खूण

अहो, वर काय बघता? खाली बघा, ड्रायव्हरच्या पायापाशी. तिथं स्टेअरिंग बॉक्स आहे ना, त्याच्या पोटात मी असतो. मी रॉकर शाफ्ट बोलतोय. ड्रायव्हर नुसतं स्टेअरिंग फिरवतो, चाकं वळवतो मी. नाव मात्र त्याचं होतं. होऊ द्या!

माझा जन्म एक्क्याण्णव सालचा. त्या सालच्या ट्रकात बसून मी सव्वीस वर्षं माजलगावच्या कारखान्याला ऊस पोचवला. मग ट्रक थकला आणि भंगारवाल्यानं त्याचे तुकडे केले. पालीच्या तात्याबा मिस्त्रीनं मला आणि माझ्या खालच्या टोकाला बसणाऱ्या दांड्याला तेवढं वाचवलं. गॅरेजच्या कोपऱ्यात मला उलटं उभं केलं आणि विसरून गेला.

त्याची बायको छबुबाई मात्र विसरली नाही. मला तिथं ठेवलं त्याच आठवड्यात त्यांच्या बोअरला पाणी लागलं. झालं! बाईनं मला देवच केलं. दर दसऱ्याला पान्या-हातोड्यांना हळदकुंकू आणि मला तेलात कालवलेला शेंदूर. सात दसरे, सात थर. सुरुवातीला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण देव व्हायचं म्हणजे नुसतं बसून राहायचं. रस्त्यानं ट्रक गेला की माझा जीव खालीवर व्हायचा.

यंदा दसऱ्यानंतर चार दिवसांनी शिरूर कासारचा ट्रकवाला परमेश्वर आपला ट्रक दुसऱ्या गाडीला बांधून घेऊन आला. ट्रक दोन हजार दोन सालचा. त्याच्या शाफ्टचे दाते झिजून गेले होते आणि तसा शाफ्ट बीडच्या एकाही दुकानात मिळेना. सोबत ऊसतोड टोळीचा मुकादम सुग्रीव होता.

"उद्या सकाळी टोळी निघणार. ट्रक न्हाई आला तर मी दुसरी गाडी बघतो," सुग्रीवनं सांगून टाकलं.

परमेश्वरचं तोंड एवढंसं झालं. हंगाम हातचा गेला की ट्रक भंगारात जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तात्याबाची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "ह्यो एक्क्याण्णवचा बसवू," तो म्हणाला.

"काय मिस्त्री, चेष्टा करता का?" सुग्रीव हसला. "एक्क्याण्णवचा माल ह्याला बसतो व्हय?"

"वरचं अंग सारखंच हाय. खालचे दाते तेवढे जाड हायेत. म्हणून दांडा बी ह्याचाच घालू." तात्याबानं दोन्ही दांडे शेजारी ठेवून लांबी मोजली. सूतभरही फरक नव्हता.

तेवढ्यात छबुबाई आडवी आली. "देवाला गाडीत घालता? काही लाज हाय का न्हाई?"

बरीच हुज्जत झाली. शेवटी ती म्हणाली, "न्या. पण त्याच्या तोंडावरचा शेंदूर काढायचा न्हाई."

इथंच घोटाळा झाला. माझ्या तोंडावर, म्हणजे त्या खालच्या टोकावर, एक खूण आहे, दांड्यावर दुसरी. दोन्ही समोरासमोर आल्या तरच ट्रक दोन्ही बाजूंना सारखा वळतो. माझी खूण शेंदराखाली. बायकोला दुखवायला नको म्हणून तात्याबानं नुसते दाते घासले, मला बॉक्सात बसवलं आणि दांडा अंदाजानं ठोकला. एक दाता चुकला!

ट्रक डावीकडं मजेत वळला. उजवीकडं मात्र अर्ध्यातच अडला.

"मी सांगत नव्हतो? जुना माल तो! चल बे परमेश्वर, मी लावतो दुसऱ्या गाडीला फोन," सुग्रीव म्हणाला.

असा संताप आला मला! चूक शेंदराची आणि बोल मला! पण लोखंडाला ओरडता येतं का?

परमेश्वर टायरवर मटकन बसला. छबुबाईनं चहा पुढं केला. "का रं रडवेला झालास?"

"काकू, ह्याच ट्रकात बापानं मला स्टेअरिंग धरायला शिकवलं. आता ह्याला कटर लावायची पाळी आली."

तात्याबा हळूच म्हणाला, "खूण तुझ्या शेंदराखाली हाय."

छबुबाईनं पदर खोचला. रॉकेलचा बोळा घेतला आणि गाडीखाली शिरून माझ्यापुढं बसली. "माफ कर देवा. तुला कोपऱ्यात बसवून ठिवलं, चुकलंच माझं." रडत होती आणि घासत होती. एकेक थर निघू लागला.

"आली! खूण आली बघा!" सगळ्यांच्या आधी तीच ओरडली.

तात्याबानं दांडा काढून खुणेला खूण लावून बसवला. डावीकडं पूर्ण, उजवीकडंही पूर्ण! मग चाचणीला आम्ही पालीचा घाट चढून-उतरून आलो. एकेका वळणाला मी ट्रक असा फिरवला की शेजारी बसलेल्या सुग्रीवनं फोन गपचूप खिशात घातला. "काय वळतोय बे!" म्हणाला. परमेश्वर तर मोठमोठ्यानं हसत होता, डोळे पुसत होता.

निघताना छबुबाई कुंकवाचं ताट घेऊन गाडीखाली वाकली आणि थबकली.

"ह्याला काय लागतं हो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"ग्रीस."

तिनं ताट बाजूला ठेवलं, डब्यात बोट बुडवलं आणि माझ्या तोंडावर ग्रीस लावलं. अहाहा! सात वर्षांत पहिल्यांदा पोटभर नैवेद्य मिळाला.

आता हंगाम ऐन भरात आहे. रोज उसाची खेप घेऊन मी कारखान्यावर जातो. तुमच्याकडंही कुणाला असं कोपऱ्यात पुजून बसवलं असेल, तर त्याचं तोंड पुसा आणि त्याला कामाला लावा हो. बरं, आता सरका बाजूला. मला उजवीकडं वळायचंय!