डावीकडची सीट

ओरेस्तेने फोमचा दुसरा तुकडा पहिल्यावर ठेवला, तळहाताने दाबून पाहिला आणि कानामागची पेन्सिल काढून कडेने रेघ मारली.

फाबियाना शेडच्या दारात खुर्ची टाकून माते, इथला कडू हिरवा चहा, पीत बसली होती. रावियोली अंमळ जास्तच झाल्या होत्या आणि ओन्काटिवो गावातला रविवार नेहमीसारखा पेंगत होता. शेडमध्ये वडिलांची जुनी तोरिनो गाडी उभी होती. पांढरी, दोन दारांची, लांब नाकाची. पुढच्या दोन्ही सीट काढल्यामुळे ती आतून दात काढलेल्या तोंडासारखी दिसत होती. उजवी सीट जुन्या, चिरा पडलेल्या काळ्या रेक्झिनसकट भिंतीशी टेकून ठेवलेली. डावी, म्हणजे चालवणाऱ्याची, उघडी होऊन लाकडी मेजावर पडली होती. तिची झिजलेली गादी उपटून ओरेस्तेने कोपऱ्यात टाकली होती.

“पपा, दोन थर?”

“हं.”

“डोकं छताला लागेल तुझं.”

“फोम बसतो गं. दाबला जातो.”

“एवढा?”

“बसतो.”

वडिलांचा जुना मित्र तितो बगलेत कागदात गुंडाळलेला सलामी, म्हणजे सुक्या मांसाचा सॉसेज, घेऊन आत आला. चाळीस वर्षं सलामी करून आता मुलांवर धंदा सोपवलेला हा माणूस रविवारी या शेडमध्ये यायचा आणि कशालाही हात न लावता सगळ्यात चुका काढायचा. मेजावरचे दोन थर बघून तो थांबला.

“जिराफाला उशी कशाला लागते रे?” गावात ओरेस्तेला सगळे जिराफच म्हणत. “त्यापेक्षा छताला भोक पाड. मान बाहेर काढून बसलास तर थेट रोसारिओ दिसेल.”

“तू सलामी काप,” ओरेस्ते म्हणाला. “जमतं तेवढंच कर.”

“ही बघ, बापाला समजावायचं सोडून हसतेय.”

“माझं कुठे ऐकतो तो,” फाबियाना म्हणाली.

ओरेस्तेने हात पुसले आणि शर्टाच्या खिशातून दुकानातली छोटी पोलादी पट्टी काढली. चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलेला माणूस. ती पट्टी रविवारीही त्याच्या खिशात असायची.

“सरळ बस.”

“काय?”

“पाठ टेकून बस. समोर बघ.”

ती बसली. त्याने तळहात आडवा करून तिच्या डोळ्यांशी धरला, मग तिथून खाली खुर्चीच्या बैठकीपर्यंत पट्टी सरकवत सरकवत आणली. ओठ हलवत काहीतरी लक्षात ठेवलं.

“नंबर वाढला वाटतं माझा,” ती म्हणाली.

“वाढला असेल.”

मग त्याने मेजावरची सीट उचलून जमिनीवर ठेवली, फोमवर जुनी चादर पसरली.

“जरा बसून बघ.”

“पुढच्या रविवारी, पपा. नववीच्या वह्या तपासायच्या तशाच पडल्यात.”

“एवढंसं बसायला काय लागतं?”

“बसले की उठत नाही मी. माहीत आहे ना तुला.”

“बरं,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी.”

सोमवारी सकाळी चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं आणि तिथेच थांबलं.

*

पुढचं सगळं फाबियानाने केलं. कोणीतरी पुढे होऊन करावं लागतं तसं केलं. वडिलांचा निळा सूट शोधला, शवपेटीपाशी रात्रभर जागायला आलेल्यांना कॉफी दिली, छोट्या पेल्यांतून बडीशेपेची दारू दिली. एका पुष्पचक्राच्या फितीवर आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. बेर्तोलाच्या जागी बेर्टोला. तिने ते वाचलं, मनात दुरुस्त केलं, आणि त्या रात्रीचं तिला सगळ्यात स्पष्ट आठवायचं ते हेच. बायका मिठी मारायच्या तेव्हा ती त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहायची, मिठी सुटेपर्यंत.

नंतर तिची शाळा पुन्हा सुरू झाली. तिने वह्या तपासल्या. वर्गात कविता शिकवली. कुठली ते संध्याकाळी आठवलं नाही. रविवारी ती वडिलांच्या घरी जायची, खिडक्या उघडायची, तासाभराने बंद करायची.

धाकट्या भावाचा, दारिओचा, रोसारिओहून फोन आला.

“तितोच्या ओळखीचा एक जण आहे, विया मारिया गावचा. गाडी बघायला शनिवारी येतो म्हणाला. माणूस चांगला आहे, नीट ठेवेल.”

“बरं.”

“सीट तशाच पडल्यात ना अजून? कुणाला तरी बोलावून बसवून घेऊया का?”

“मी बसवते.”

“तू?”

“पपाने अर्धं करून ठेवलंय.”

“फाबी, तुला चालेल ना? गाडी गेली तर?”

“चालेल,” ती म्हणाली. बेकरीतल्या बाईने पिशवी हवी का विचारल्यावर ती ‘नको’ म्हणायची, अगदी त्याच आवाजात.

*

ती रोज शाळेतून थेट शेडमध्ये जाऊ लागली. गाव दुपारच्या झोपेत असायचं; कुत्रीसुद्धा भुंकत नसत. मेजावर सगळं वडिलांनी ठेवलं तसंच होतं. दाभण, वाकडी सुई, मेण लावलेला दोरा, तारेच्या कड्या आवळायची पक्कड, आणि डाव्या सीटसाठी कापून, कडेला गोट लावून, अर्धंअधिक शिवून ठेवलेलं नवं काळं रेक्झिन.

आधी तिने वडिलांची चूक दुरुस्त केली. सीट पुढेमागे सरकते, पण वरखाली होत नाही; दोन थरांवर कोणीही धड उंचीचा माणूस बसला तर मान वाकवून चालवावं लागणार. वरचा थर खालच्याला चिकटवलेला होता. स्वयंपाकघरातली पावाची सुरी आणून तिने तो हळूहळू सोडवला आणि भिंतीशी उभा केला. वहीतल्या चुकीच्या ओळीवर लाल रेघ ओढावी, तसं. मग शिलाई पूर्ण करायला घेतली. रेक्झिन बोटांचं ऐकत नव्हतं. पहिल्या दिवशी दोनदा सुई अंगठ्यात गेली. रक्ताचा थेंब काळ्यावर दिसलाही नाही.

तितो एकदा डोकावून गेला. भिंतीशी उभा केलेला थर त्याने बघितला.

“काढलास ते बरं केलंस,” तो म्हणाला. “म्हाताऱ्याचा अंदाज चुकला. मी तेव्हाच म्हटलं होतं.”

“हं.”

“माझं कोणी ऐकत नाही या घरात.” मग सलामीचा पुडा खुर्चीवर ठेवून तो गेला.

गुरुवारी तिने उजवी सीट घेतली. या सीटचं नवं आवरण अजून कापायचं होतं, आणि त्याची रीत साधी होती. जुनं आवरण फाडायचं नाही. टाका न् टाका उसवायचा, तुकडे सपाट करायचे, त्यांच्यावरूनच नवे कापायचे. फाडलं तर माप गेलं. हे वडिलांनी तिला लहानपणी सांगितलं होतं, शेडमध्ये ती त्यांच्यासाठी दोरा मेणावरून ओढत असताना.

या सीटवर ती वाढली होती. आई गाडीत कधी बसली नाही. जमिनीवर बसल्यासारखं वाटतं म्हणायची. दारिओला फुटबॉल. म्हणून रविवारी संध्याकाळी ती आणि वडील, नऊ नंबरच्या रस्त्याने शेजारच्या गावापर्यंत आणि परत. फारसं बोलणं व्हायचं नाही. पांढऱ्या लांब नाकाच्या टोकाला बैलाचं चिन्ह, त्याच्यापुढे रस्ता, आणि रस्त्याच्या शेवटी धान्याच्या कोठारांचे दोन पत्र्याचे मनोरे. बैलाची शिंगं त्या दोन मनोऱ्यांच्या बरोबर मधे यायची. सात वर्षांची असताना यायची. चौदा वर्षांची असतानाही यायची.

ती उसवत होती. कडेच्या दुमडीत कारखान्याची शिलाई निघाली, बारीक आणि एकसारखी भोकं. त्यांच्या शेजारी भोकांची आणखी एक ओळ होती. ही हाताची, लांब टाक्यांची. आणि तिच्याही पलीकडे आणखी एक, थोडी वाकडी. तिने दुमड उजेडाकडे धरली. एकाच कडेवर किती वेळा शिवण घातली होती ते मोजायला तिने बोट ठेवलं आणि मग मोजलं नाही.

आवरण निघालं. आत मूळची पिवळट गादी, तिच्यावर जुन्या, वाळून तांबूस झालेल्या गोंदाचे डाग, आणि सुरीने थर कापून काढल्याच्या खुणा. एका जागी सुरी घसरून खोल गेलेली. सीटच्या पाठीच्या आत, तागाच्या कापडावर, पेन्सिलच्या आडव्या रेघा होत्या. गादी जिथवर यायची तिथे मारलेल्या. वरची रेघ खूप वर होती. मग तिच्याखाली एक, तिच्याखाली एक. लोकांच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा वर वर जातात. या खाली खाली आल्या होत्या. शेवटच्या रेघेपाशी, मूळ गादीवर, फोमचा एक बारीक थर तसाच ठेवलेला होता. ती आईसारखीच बुटकी राहिली होती.

फाबियाना जमिनीवर बसली.

दर वर्षा-दोन वर्षांनी पपाने ही सीट काढली होती, उसवली होती, एक थर कापून पुन्हा शिवली होती. तिला कधी कळलं नव्हतं. तिला वाटायचं, रस्ता आहे, तो तसाच दिसणार.

बऱ्याच वेळाने ती उठली. भिंतीशी उभा केलेला थर तिने हातात घेतला आणि उजव्या सीटवरच्या त्या बारीक थरावर ठेवून बघितला. तोच रंग, तसाच दाणा. बाजारातून आणलेल्या एकाच मोठ्या तुकड्यातून कधीतरी कापून उरलेला, इतकी वर्षं फळीवर ठेवलेला. वडिलांच्या पेन्सिलची रेघ त्याच्या कडेला अजून होती. तिला तो आडवा तळहात आठवला, डोळ्यांशी धरलेला, आणि गालावरून खाली येणारी थंड पोलादी पट्टी.

चष्म्यासाठी नव्हतं ते माप.

अठराव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली, मैत्रिणीच्या रेनोवर. नंतर स्वतःची छोटी फियाट घेतली. तोरिनोची चावी दाराशेजारच्या खिळ्यावर टांगलेली असायची. ती तिच्याखाली उभी राहून वडिलांची वाट बघायची. मागितली तर नाही म्हणायला त्याला किती जड जाईल, या विचाराने तिने ती कधी मागितली नव्हती. त्यानेही कधी दिली नव्हती. कोणी मागितल्याशिवाय तो चष्मासुद्धा दाखवत नसे.

तिने डाव्या सीटची नुकतीच घातलेली शिवण पाहिली. मग सुरी घेऊन ती उसवायला बसली.

*

शनिवारी सकाळी तितो आला तेव्हा दोन्ही सीट जागेवर होत्या. उजवीचे टाके काही ठिकाणी तिरपे गेले होते आणि डावीच्या कडेला एक सुरकुती राहिली होती. तितोने डावीकडचं दार उघडलं, हाताने सीट दाबली आणि वळून तिच्याकडे पाहिलं.

“परत घातलास?”

“हो.”

“अगं, तो विया मारियाचा माणूस माझ्याहून उंच आहे. मानेला उसण भरेल त्याच्या.”

“ती त्याच्यासाठी नाहीये.”

तितोने पुन्हा सीटकडे पाहिलं. मग तिच्याकडे, पायापासून डोक्यापर्यंत, जणू पहिल्यांदाच तिची उंची बघत असावा. त्याचा जबडा काहीतरी चावल्यासारखा हलला.

“जिराफ तो जिराफच,” तो म्हणाला. “मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“तू गावभर केलं असतंस.”

“केलंच असतं.” त्याने नाक पुसलं. “दहाला यायचाय तो माणूस. काय सांगू त्याला?”

“माते दे. बसू दे.”

“आणि तू?”

घरात जाऊन ती खिळ्याखाली उभी राहिली, नेहमीसारखी, थोडा वेळ. मग हात वर केला. चावी तिला वाटली होती त्यापेक्षा हलकी होती.

परत आली तेव्हा तितोने शेडची दोन्ही दारं सताड उघडून ठेवली होती आणि तो फाटकाशी, पाठ करून, रस्ता मोकळा आहे का बघत उभा होता. रस्त्यावर कोणीच नव्हतं.

काल दुपारी शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर ती एकदाच त्या सीटवर बसली होती, हात मांडीवर ठेवून. समोर शेडची भिंत होती, पण बैलाची शिंगं जिथे यायची तिथेच आली होती.

तिने डावीकडचं दार उघडलं. बसली नाही. आत कोणी अजून बसलेलं असावं आणि त्याने जागा करून द्यायची वाट बघावी, तशी दारावर एक हात ठेवून ती उभी राहिली. नव्या रेक्झिनचा आणि गोंदाचा वास येत होता.

“पपा,” ती मोठ्याने म्हणाली, “सरक तिकडे. आज मी चालवते.”